एकाच गिऱ्हाइकाची खाण

सोन्याच्या किंवा तांब्याच्या कंपनीवर अहवाल लिहायचा असला की आधी पडद्यावर भाव बघायचा, हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम. सीझियमच्या बाबतीत ते करता येत नाही. सीझियम आणि रुबिडियम हे अल्कली धातू कुठल्याही धातूबाजारात रोज हातोहात विकले जात नाहीत. विकणारा आणि घेणारा आपसांत भाव ठरवतात आणि करारात तो झाकून ठेवतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणाचं वार्षिक पत्रक उघडलं तर एक भाव सापडतो, पण तो शुद्ध धातूच्या एक ग्रॅमच्या काचेच्या कुपीचा. प्रयोगशाळेला लागणारी ती सीलबंद कुपी साधारण साठ ते शंभर डॉलरांच्या घरात जाते.

हा कुपीचा भाव किती घातक ठरतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ग्रॅमला साठ डॉलर धरले तर किलोला साठ हजार आणि टनाला सहा कोटी डॉलर होतात. जमिनीखाली काहीशे टन सीझियम आहे असं एखाद्या छोट्या कंपनीने जाहीर केलं आणि कुणी हा गुणाकार केला, तर कागदावर अब्जावधी डॉलर उभे राहतात. असा तक्ता मी एका कंपनीच्या सादरीकरणात पाहिला. ते बघताना खोलीतले अनुभवी लोक गप्प होते आणि नवखे लोक वहीत आकडे उतरवून घेत होते. त्या वह्या बघून मला वाईट वाटलं. एक ग्रॅमच्या भावाने टनभर सीझियम विकत घेणारा माणूस जगात नाही, हे तिथे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं. मी ते म्हणाले, पण तोवर तक्ता पुढे सरकला होता.

मी पर्थमध्ये एका लहानशा दलाली पेढीत खाणकंपन्यांचा अभ्यास करते. ऑस्ट्रेलियाच्या शेअरबाजारात शेकडो छोट्या खाणकंपन्या नोंदलेल्या आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे चालू खाण नसते. असतो तो जमिनीचा परवाना, दोन-चार भूशास्त्रज्ञ आणि दर तिमाहीला बाजाराला कळवावी लागणारी रोख शिल्लक. ही शिल्लक आटली की नवे शेअर काढायचे आणि जुन्या भागधारकाचा हिस्सा पातळ करायचा, असा हा संसार. त्यातल्या प्रामाणिक लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. ऐन उन्हात लाल मातीत महिनोन् महिने भोकं पाडून शेवटी हाती काही न लागणं, आणि तरी खरे आकडे कळवणं, हे सोपं काम नव्हे.

भूशास्त्र मी पुण्यात शिकले. दख्खनच्या बेसाल्टवर शिकलेल्या माणसाला झिओलाइट ओळखीचे असतात. विहीर खणताना किंवा खाणीत सुरुंग लावल्यावर काळ्या दगडाच्या पोकळीत स्टिल्बाइट नि ॲपोफिलाइटचे स्फटिक निघतात, आणि जळगाव-नाशिककडचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत जातात. सीझियमचं मुख्य खनिज पोल्युसाइट. ते याच झिओलाइट कुळातलं, ॲनाल्साइमचं सख्खं भावंड. ॲनाल्साइममध्ये सोडियम असतो, इथे सीझियम. फरक असा की ते बेसाल्टच्या पोकळीत सापडत नाही. ग्रॅनाइटचा रस थंड होत होत शेवटी जो थोडा उरतो, ज्यात लिथियम, टँटलम, सीझियम असे इतर कुठल्या खनिजात न मावलेले धातू गोळा होतात, त्या पेग्मटाइट खडकात ते सापडतं. तेही क्वचितच, आणि बहुधा एखाद्या भिंगाच्या आकाराच्या लहान खिशात.

पोल्युसाइट पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मी ते ओळखलं नसतं, जर शेजारी उभ्या भूशास्त्रज्ञाने सांगितलं नसतं. पांढरट, काचेसारखं, किंचित तेलकट चमक असलेलं, कडेला भुरकट. थेट गारगोटीसारखं दिसतं. त्याने एका हातात क्वार्ट्झचा आणि दुसऱ्या हातात पोल्युसाइटचा साधारण तेवढाच तुकडा ठेवला आणि म्हणाला, तोलून बघ. पोल्युसाइट किंचित जड लागतं. क्वार्ट्झची घनता २.६५, याची २.९ च्या आसपास. तेवढ्याशा वजनावरून संशय घ्यायचा आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. जुन्या भोकांतून काढलेले खडकाचे दंडगोल (कोअर) गोदामात पडून राहिले आणि पुढे कुणीतरी पुन्हा तपासले तेव्हा ‘क्वार्ट्झ’ म्हणून नोंदलेला भाग पोल्युसाइट निघाला, असं या खनिजाच्या बाबतीत सहज घडू शकतं.

या गारगोटीसारख्या दगडाने पूर्वी एका नामांकित रसायनशास्त्रज्ञालाही चकवलं आहे. १८४६ मध्ये एल्बा बेटावरच्या नमुन्याचं पृथक्करण प्लॅटनर या जर्मन शास्त्रज्ञाने केलं, तर सगळ्या घटकांची बेरीज शंभर टक्के येईना. सात टक्क्यांहून जास्त तूट पडत होती. पुन्हा करायला नमुना शिल्लक नव्हता. सीझियम तेव्हा कुणाला माहीतच नव्हता. तो बुन्सेन आणि किर्खहोफ यांना १८६० मध्ये ड्युर्कहाइमच्या खनिजपाण्यात, वर्णपटातल्या दोन निळ्या रेषांवरून सापडला. पुढच्याच वर्षी त्यांना रुबिडियम सापडला. मग १८६४ मध्ये पिसानीने दाखवून दिलं की प्लॅटनरने ज्याला सोडियम-पोटॅशियम समजून हिशोब केला होता तो वजनदार सीझियम होता. प्लॅटनरने तूट लपवली नाही, जशी आली तशी छापली, म्हणून पुढच्याला ती भरून काढता आली. माझ्या टेबलावर येणाऱ्या ताळेबंदांत मला नेमकं हेच हवं असतं.

‘दुर्मीळ’ या विशेषणाने गुंतवणूकदार फार लवकर हरखतो. रुबिडियम घ्या. पृथ्वीच्या कवचात तो तांब्यापेक्षा कमी नाही, उलट सरासरीने जास्तच आहे. पण तो स्वतःचं घर करत नाही. पोटॅशियम जिथे जाईल तिथे अभ्रकात, फेल्डस्पारमध्ये त्याच्या आडोशाने राहतो. म्हणून केवळ रुबिडियमसाठी खाण काढणं परवडत नाही; लेपिडोलाइटसारख्या अभ्रकातून लिथियम काढताना तो जोडीला मिळतो. साहजिकच एखाद्या कंपनीने ‘आमच्या खडकात इतके टक्के रुबिडियम’ असं कळवलं की मी आधी वर्षाकाठी जगात तो किती खपतो तिकडे बघते. तो खप टनांत मोजावा इतका लहान आहे. अभ्रकाचा एक बऱ्यापैकी साठा तो बाजार कितीतरी वर्षं भरून टाकेल. मालाची टंचाई नाही, गिऱ्हाइकाची आहे.

ठाण्याच्या माझ्या मामाचा फोन आला होता तो याच गोष्टीवरून. मामा निवृत्त इंजिनिअर, पेपर बारकाईने वाचणारा. हल्ली भारतातून परदेशी शेअर घेता येतात, आणि कुणीतरी त्याला एका रुबिडियमवाल्या कंपनीचं नाव दिलं होतं.

“अगं, इस्रोने रुबिडियमचं घड्याळ आता आपलं आपण बनवलंय. वाचलंस ना? मग या कंपनीत थोडे टाकू का? शेअर अगदी स्वस्त आहे.”

मामाची बातमी पक्की होती. आपल्या ‘नाविक’ या उपग्रह दिशादर्शन प्रणालीच्या पहिल्या उपग्रहावरची परदेशातून आणलेली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली होती, आणि त्या अनुभवानंतर अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने स्वतःचं घड्याळ तयार केलं. २९ मे २०२३ रोजी एनव्हीएस-०१ या उपग्रहाबरोबर ते अवकाशात गेलं. मला त्याचा मामाइतकाच अभिमान आहे.

“मामा, त्या घड्याळात रुबिडियम किती असेल, सांग बघू?”

“किलोभर?”

“चिमूटभरही नाही. काचेच्या इवल्याशा कोठडीत त्याची वाफ असते. तेवढ्यावर ते वर्षानुवर्षं चालतं.”

मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे देशाला लागतं, पण खाणीला उपयोग नाही.” इतक्या नेमक्या शब्दांत मला माझ्या अहवालातसुद्धा ते मांडता आलं नव्हतं.

सीझियमचंही तेच. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ च्या ९,१९२,६३१,७७० कंपनांवर उभी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत भारताची प्रमाणवेळ सीझियम घड्याळांवर राखली जाते. जगातले मोबाइल, बँका, उपग्रह अशा घड्याळांच्या वेळेवर चालतात. आणि तरी अशा घड्याळाला काही ग्रॅम सीझियम पुरतो. रात्रीच्या अंधारात पाहण्याच्या दुर्बिणींचे प्रकाशसंवेदी पडदे, क्ष-किरणांची प्रतिमा टिपणाऱ्या फलकातलं सीझियम आयोडाइड, गंधकाम्लाच्या कारखान्यातले उत्प्रेरक, जीवशास्त्रज्ञांचं सीझियम क्लोराइड, ही सगळी मोलाची कामं आहेत. मात्र एकत्र केली तरी खाण चालवायला ती पुरी पडतील असं मी म्हणणार नाही.

टनांनी सीझियम जातो तो तेलाच्या विहिरीत. खोल, तापलेल्या, प्रचंड दाबाच्या विहिरीत तेल-वायू उसळून वर येऊ नये म्हणून वरून जड द्रव भरावा लागतो. नेहमी त्यासाठी बराइटची पूड घातलेला चिखल वापरतात, पण ती पूड खडकाची छिद्रं बुजवते. सीझियम फॉर्मेटचं पाणी पुडीशिवायच पाण्याच्या सव्वादोन पट जड होतं. नॉर्वेच्या क्विटेब्योर्नसारख्या उत्तर समुद्रातल्या वायूक्षेत्रात ते भरपूर वापरलं गेलं. ते इतकं महाग आहे की तेलकंपन्या विकत घेतच नाहीत, भाड्याने घेतात. काम झालं की द्रव परत जातो, गाळून शुद्ध होतो आणि पुढच्या विहिरीला लागतो. सुमारे ८५ टक्के माल असा परत मिळतो.

गुंतवणूकदाराने इथे जरा थांबावं. ज्या मालाचा मोठा हिस्सा फिरून परत येतो, त्याच्या नव्या खाणीला दरवर्षी तितकं गिऱ्हाईक मिळत नाही. त्यात तेलाचे भाव पडले की अशा अवघड विहिरी सगळ्यात आधी पुढे ढकलल्या जातात. बॅटरी आणि विजेच्या गाड्यांच्या गोष्टीने भारावून सीझियममध्ये आलेल्या माणसाला आपण खरं तर खोल समुद्रातल्या तेलावर पैसे लावतोय, हे कुणी सांगत नाही.

पायोनियर रिसोर्सेस ही पर्थची छोटी कंपनी मी पहिल्यापासून बारकाईने पाहिली. नॉर्समनच्या उत्तरेला, कूलगार्डी-एस्पेरान्स महामार्गाच्या जवळ, पायोनियर डोम नावाच्या भागात लिथियम शोधताना २०१६ च्या सुमारास त्यांच्या एका भोकात पोल्युसाइट लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी मोजलेला साठा जाहीर केला तो साडेदहा हजार टनांचा, सुमारे १७ टक्के सीझियम ऑक्साइडचा. लोखंडाच्या खाणीतला माणूस हसेल असा आकडा. पिलबरातल्या एका मालगाडीत यापेक्षा दुप्पट माल मावतो. तरी ही ऑस्ट्रेलियातली पहिली व्यापारी सीझियम खाण ठरली, नाव सिंक्लेअर.

मी ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त वेळ घालवला तो करार. माल घेणारी कॅबट ही अमेरिकन कंपनी. कॅनडात मॅनिटोबातल्या बर्निक तलावाखालची टँको खाण तिची, आणि तेलकंपन्यांना फॉर्मेट भाड्याने देणारीही तीच. टँकोत मुळात सुमारे साडेतीन लाख टन पोल्युसाइट होतं; जगातला सर्वांत मोठा ज्ञात साठा म्हणून ती गाजली. पण तिथलं पोल्युसाइटचं खाणकाम २०१५ अखेर थांबलं होतं. झिंबाब्वेतल्या बिकिटाचा साठाही संपत आला होता. कॅबटला माल हवा होता, आणि पोल्युसाइट आम्लात विरघळवून सीझियम वेगळा काढायची मोठी यंत्रणा चीनबाहेर जवळजवळ तिच्याकडेच होती. म्हणून तिने नुसता खरेदी करार केला नाही; खाण सुरू करायला पायोनियरला कर्ज दिलं आणि ते मालातून वळतं करून घ्यायचं ठरवलं.

आमच्या पेढीत यावर वाद झाला. एका सहकाऱ्याचं म्हणणं, ज्याच्याकडून कर्ज घ्यायचं त्यालाच माल विकायचा, तर भाव कोण ठरवणार? प्रश्न अगदी रास्त होता. मी तरीही करार चांगला मानला. बाजारात दुसरं गिऱ्हाईक होतंच कुठे? कर्जामुळे गिऱ्हाइकाचे पैसेही खाणीत अडकले होते आणि मालाची गरज त्याला होती. बँकेने साडेदहा हजार टनांच्या खड्ड्यावर पैसा दिला नसता. नवे शेअर काढून तोच पैसा उभा केला असता तर जुन्या भागधारकाचा वाटा विनाकारण घटला असता.

खोदकाम २०१८ च्या उत्तरार्धात सुरू झालं आणि २०१९ च्या जानेवारीत संपलं. खाण संपली. कंपनीने हे आधीपासून सांगितलं होतं, लपवलं नव्हतं, आणि त्याच वर्षात काढलेला माल रवाना झाला, कर्ज फिटलं. मला या खाणीबद्दल जिव्हाळा आहे तो यासाठी. ‘आमचं सीझियम एवढंच आहे, यापेक्षा जास्त सापडलं नाही’ असं छापील कागदावर सांगणारी कंपनी आमच्या धंद्यात रोज भेटत नाही.

त्याच जानेवारीत दुसरी बातमी आली. कॅबटने आपला सीझियमचा सगळा व्यवसाय, टँकोसकट, चीनच्या सिनोमाइन कंपनीला विकायचं ठरवलं. किंमत सुमारे तेरा कोटी डॉलर. व्यवहार त्याच वर्षी पुरा झाला. २०२२ मध्ये सिनोमाइनने बिकिटाही घेतली, मुख्यतः लिथियमसाठी. जगाच्या सीझियम पुरवठ्याच्या मोठ्या भागाची, खाणीपासून भाड्याच्या द्रवापर्यंत, किंमत तेरा कोटी डॉलर. सादरीकरणातले अब्जावधी डॉलर आणि हा आकडा मी एका पानावर शेजारी शेजारी लिहून ठेवला आहे. कुणी सल्ला विचारायला आलं की ते पान पुढे करते.

पायोनियरचं पुढे काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. २०२० मध्ये तिने इसेन्शियल मेटल्स असं नाव घेतलं. २०२३ च्या जानेवारीत चीनच्या टियानची आणि ऑस्ट्रेलियाच्या आयजीओ यांच्या भागीदारीने तिच्यासाठी सुमारे १३.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची बोली लावली. एप्रिलमध्ये भागधारकांनी ती फेटाळली, आणि वर्ष संपायच्या आत डेव्हलप ग्लोबलने कंपनी घेतली. सगळी मारामारी त्याच परवान्यावरच्या लिथियमसाठी होती. सीझियमने कंपनीला जगवलं, थोडी प्रतिष्ठा दिली, आणि भागधारकाच्या हातात पैसा पडला तो शेजारच्या खडकामुळे. अशा कंपनीत सीझियमबरोबर आणखी काय आहे, हे मी तेव्हापासून आवर्जून तपासते.

खनिजसाठे कसे जाहीर करायचे याची ऑस्ट्रेलियातली नियमावली म्हणजे जॉर्क संहिता. तिच्यात औद्योगिक खनिजांसाठी ४९ वं कलम आहे. साठा जाहीर करताना मालाचा दर्जा आणि बाजार यांचाही विचार करावा लागतो, असा त्याचा आशय. माझ्या मते सीझियम-रुबिडियमच्या कंपन्यांनी हे कलम भागधारकांसमोर मोठ्या अक्षरांत मांडलं पाहिजे. किती टन आहे हे सांगायचं, तर कोण घेणार, कुठे प्रक्रिया होणार हेही त्याच पानावर सांगायचं. अमेरिकेच्या २०१८ च्या कळीच्या खनिजांच्या यादीत सीझियम आणि रुबिडियम दोन्ही आले, कॅनडाच्या २०२१ च्या यादीत सीझियम आला. भारताच्या २०२३ च्या तीस खनिजांच्या यादीत दोन्ही नाहीत. यादीत नाव आलं की शेअर चढतो, पण यादी माल विकत घेत नाही. सरकार साठा करणार का, शुद्धीकरणाच्या कारखान्याला पैसा देणार का, हे कळेपर्यंत मी यादीला मूल्यांकनात जागा देत नाही.

सध्या माझ्या टेबलावर कॅनडाची कागदपत्रं जास्त आहेत. ऑन्टारिओत केस लेक इथे पॉवर मेटल्सला २०१८ मध्ये पोल्युसाइट लागलं. २०२५ मध्ये क्वेबेकच्या जेम्स बे भागातल्या लिथियमच्या साठ्यातही सीझियमचे मोठे पट्टे जाहीर झाले. भूशास्त्रज्ञ म्हणून मला याचा आनंद आहे. इतक्या थोड्या वर्षांत इतकं पोल्युसाइट सापडेल असं वाटलं नव्हतं. गुंतवणूकदाराच्या बाजूने मात्र मी सावध आहे. दोन-तीन नव्या खाणी एकदम आल्या तर इतक्या लहान बाजारात त्या एकमेकींचाच भाव पाडतील. शिवाय दगड फोडून सीझियम मीठ काढणारा कारखाना सिनोमाइनखेरीज दुसरं कोण उभारणार, याचं उत्तर अजून माझ्यासमोर आलेलं नाही.

मामाने ती रुबिडियमची कंपनी सोडून दिली, पण केस लेकच्या बातम्या तो मला पाठवतो. परवा विचारत होता, आता तरी घ्यायचा का. मी त्याला सांगितलं, खरेदी करार जाहीर होऊ दे. त्या दिवशी टनांचा आकडा मी शेवटी बघेन. आधी बघेन तो भाव कशाला बांधलाय, माल घेतला नाही तर गिऱ्हाईक काय भरून देणार, आणि कर्ज असेल तर ते पैशात फेडायचं की दगडात.